फाट्याच्या आधी पुढे ये

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. त्र्यंबक रस्त्यावर पेगलवाडी फाट्यापर्यंत तू सायकलवर सगळ्यांबरोबर होतीस, पहिनेकडे वळल्यावर थोड्याच वेळात एकटी पडलीस, आणि त्यावरून ‘ताई, माझ्यात दमच नाही’ असं ठरवून मोकळी झालीस. मला ते मान्य नाही. महिरावणीपासून अंजनेरीपर्यंतचा हळूहळू चढणारा रस्ता पावसाळ्यातल्या समोरच्या वाऱ्यात जी घोळक्याबरोबर काढते, तिच्यात दम असतो. तू मागे पडलीस ती फाट्यावर वळताना अगदी शेवटी होतीस म्हणून. शर्यतीला अजून वेळ आहे आणि ही गोष्ट शिकता येण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वाऱ्याचा हिशेब समजून घे. सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगाने जाताना आपली बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा असेल आणि तू तीसचा वेग टिकवायला गेलीस, तर अंगावर येणारी हवा पन्नासची असते आणि विरोध जवळजवळ पावणेतीन पट होतो. म्हणून त्र्यंबक रस्त्यावर जाताना सायकलच्या मीटरवरचा वेग बघूच नकोस. तो आकडा बघून वाईट वाटतं, वाईट वाटलं की जोर लावला जातो, आणि तिथे घालवलेली ताकद परतीच्या पाठच्या वाऱ्यात भरून निघत नाही. श्वासावर लक्ष ठेव. शेजारणीशी दोन-चार शब्द बोलता येतात तोवर ठीक चाललं आहे.

तू अंगाने बारीक आहेस. चढावर त्याचा फायदा होतो, वाऱ्यात तोटा. पन्नास किलोच्या मुलीची ताकद पंचाहत्तर किलोच्या बाईपेक्षा बरीच कमी असू शकते, पण हवेला अडणारं अंग त्या प्रमाणात लहान नसतं. त्याच बारीक अंगाचा एक फायदाही आहे: मोठ्या चणीच्या बाईमागे तू जवळजवळ पूर्ण झाकली जातेस. दुसरीच्या चाकामागे नीट बसलं तर पाव हिस्सा ताकद सहज वाचते, कधी त्याहून जास्त. तेव्हा शर्यतीच्या सकाळी सगळ्यांवर एकदा नजर फिरव आणि कोणाच्या मागे राहायचं ते मनाशी पक्कं कर. यात लबाडी काही नाही, रोड रेस अशीच असते. फक्त आपली पाळी आली की पुढे जायचं. समोरच्या वाऱ्यात वीस-तीस सेकंद पुरेत. पुढे आल्यावर वेग वाढवू नकोस. नव्या मुली हटकून वाढवतात, आणि मागची साखळी तुटते.

आपल्या नाशकात सायकल म्हटलं की लांबचा पल्ला आठवतो. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, त्यानंतर तर घराघरांत ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायच्या राइडची, भाषा सुरू झाली. मला त्याचा अभिमान आहे. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर संपवणाऱ्या कितीतरी बायका इथे आहेत. पण ब्रेव्हेत तू आणि रस्ता, एवढंच असतं. दुसरीच्या मागच्या चाकाशी अर्ध्या मीटरवर आपलं पुढचं चाक ठेवून तासभर जायची सवय त्यातून लागत नाही. ती वेगळी शिकावी लागते, आणि वाऱ्याच्या दिवशी नेमकी तीच उपयोगी पडते.

आता फाटा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा साधारण पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. त्र्यंबककडे जाताना तो तोंडावर असतो, तेव्हा नीट एकीमागे एक रांग चालते. पेगलवाडीहून पहिनेकडे दक्षिणेला वळलीस की तोच वारा उजव्या हाताला येतो. आता सरळ मागे बसून आडोसा मिळत नाही, तो पुढचीच्या डाव्या बाजूला सरकलेला असतो. ज्यांना हे माहीत असतं त्या लगेच तिरकी रांग धरतात: पहिली रस्त्याच्या मध्याकडे, दुसरी तिच्या थोडी मागे आणि डावीकडे, तिसरी तिच्याही डावीकडे. याला एशेलॉन म्हणतात. वाहतूक चालू असली की आपल्या वाट्याला रस्त्याचा डावा अर्धाच येतो, त्यात अशा चार-पाच जणी मावतात. सहावीला जागा नसते. ती डांबराच्या डाव्या कडेला, खडीच्या काठाने, उघड्या वाऱ्यात पाचवीच्या मागे धडपडत राहते आणि थोड्या वेळात सुटते. त्या दिवशी ती सहावी तू होतीस.

जगातल्या सगळ्यात तगड्या बायकांचंही असंच होतं. २००९ ते २०१६ या काळात कतारमध्ये बायकांची टप्प्यांची शर्यत व्हायची. सपाट वाळवंट, नाव घ्यायला चढ नाही, पण बाजूचा वारा एका वळणावर घोळक्याचे तुकडे करून टाकायचा. नेदरलँड्सच्या कर्स्टन वाइल्डने ती चार वेळा जिंकली. ती जबरदस्त स्प्रिंटर होतीच, पण तिथे वळणाआधी पुढे असणाऱ्यालाच स्प्रिंट मारायची संधी मिळते.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: फाट्याच्या आधी दोन किलोमीटरपासून पुढे सरकायला लाग आणि पहिल्या चौघींत राहून वळ. तेवढ्यासाठी दम लागला तरी लागू दे, तो पुढच्या पाचच मिनिटांत वसूल होतो. खाणं-पिणं त्याआधी उरक. बाजूच्या वाऱ्यात एक हात हँडलवरून काढणं धोक्याचं आहे.

आणि इथे मला तुझ्याबद्दल एक गोष्ट वाटते, ती स्पष्ट लिहिते. सरावात मी तुझ्या मागे होते. कोणी खांदा जवळ आणला की तू ब्रेकवर बोट ठेवतेस आणि वाट देतेस. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं, बसमध्ये, रस्त्यावर, घरातसुद्धा. शर्यतीत ती जागा तुझी आहे. कोणी सरकत आली तर आवाज दे, ‘मी आहे इथे’ म्हण, आणि आपली रेघ सरळ ठेव. वेडंवाकडं घासाघीस करायची नाही, धक्का मारायचा नाही. फक्त हलायचं नाही. हे तुला जमलं तर बाकीचं सगळं मी शिकवेन.

एवढं करूनही तिरक्या रांगेत जागा मिळाली नाही, तर कडेला लोंबकळत राहू नकोस. मागे वळून बघ, ज्या दोघी-तिघी तशाच तडफडत असतील त्यांना हाक मार आणि दुसरी तिरकी रांग लाव. लाज वाटू देऊ नकोस, त्यांनाही तेच हवं असतं. एकटीने पाठलाग मात्र करू नकोस. चौघी मिळून पुढच्यांना गाठता येतं, एकटीला क्वचितच. आणि पुढे काम करून बाजूला होताना वाऱ्याच्या दिशेने हो. वारा उजवीकडून असेल तर उजवीकडे, म्हणजे मागची आडोशातून पुढे येऊ शकते. उलट्या बाजूला गेलीस तर तिच्या चाकावर जाशील. चाकाला चाक लागलं की बहुतेक वेळा मागची पडते.

ट्रकचं नीट लक्षात ठेव. उजवीकडून वारा असताना आपण नकळत उजवीकडे झुकून चालवत असतो. शेजारून मोठी गाडी गेली की वारा क्षणभर तुटतो आणि सायकल गाडीच्याच बाजूला ओढली जाते. गाडी पुढे गेली की वाऱ्याचा फटका परत बसतो. मागून आवाज आला की कोपर सैल सोड, हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेव, मूठ आवळू नकोस. घोटीकडून परत येताना वारा डावीकडून असेल आणि तुला रस्त्याच्या मध्याकडे ढकलेल, तेव्हा तर जास्तच जपून. पहिन्यात डोंगरांच्या मधून वारा अचानक झोत मारतो, आडोशातून उघड्यावर येताना अंग आधीच तयार ठेव. दूरवर भाताची खाचरं कुठल्या बाजूला लवताहेत ते बघत राहिलीस तर झोत यायच्या आधी कळतो.

मैत्रिणीकडून पन्नास मिलिमीटरच्या खोल रिमची चाकं मागून आणणार होतीस, ती आणू नकोस. पुढच्या चाकाला बाजूचा वारा धरतो आणि हलक्या अंगाच्या मुलीला ते सांभाळणं कठीण जातं. तुझी साधी चाकंच बरी. पाऊस असेल तर टायरमधली हवा थोडी कमी ठेव. फडफडणारं जाकीट नको, अंगाला घट्ट बसणारं घाल. आणि पुरुषांचा गट त्याच रस्त्यावर असेल तर त्यांच्या आडोशाला बसायला परवानगी आहे का ते नियमपत्रकात वाच. बहुतेक ठिकाणी नसते, आणि त्यासाठी बाद व्हावं लागलं तर मला फार वाईट वाटेल.

रविवारी पहिन्याला धबधबे बघणाऱ्यांच्या गाड्यांची रीघ असते, म्हणून आपण शनिवारी जाऊ. सहाला पपया नर्सरीपाशी ये. सरावातल्या त्या दोघींनाही विचार, चौघी असलो तर तिरकी रांग खरी लावून बघता येईल. मागचा दिवा चार्ज करून आण, आणि येताना खिशात केळं टाक.

तुझी,
ताई