प्रश्न वाचकांचे : धनराज चेंडू फार वेळ स्वतःजवळ ठेवत असे का?

प्रश्न : आमच्या घरी हॉकीचा विषय निघाला की धनराज पिल्ले या एका नावावरून हमखास वाद होतो. वडील म्हणतात, 1990 च्या दशकात भारतीय संघाला एकट्या धनराजने तारले. मामा स्वतः कॉलेजच्या संघातून हॉकी खेळलेले आहेत. त्यांच्या मते धनराज चेंडू इतका वेळ स्वतःजवळ ठेवत असे की सहकाऱ्यांच्या वाट्याला काही येतच नसे, आणि म्हणूनच चार ऑलिम्पिक खेळूनही त्याला एकही पदक मिळाले नाही. दोघांपैकी कोणाचे म्हणणे खरे मानावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आपल्या मामांचे निरीक्षण अचूक आहे, पण त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. धनराज चेंडू घेऊन लांबवर धावत असे, एका बचावपटूला हूल दिल्यावर न थांबता दुसऱ्याच्या अंगावर जात असे आणि पास देण्याची वेळ कित्येकदा हातची जाऊ देत असे, हे त्याचे चाहतेही नाकारणार नाहीत. मात्र त्या धावण्यातून संघाच्या पदरात काय पडत होते आणि तेच मिळवण्याचा दुसरा कोणता मार्ग त्या संघापाशी होता, हे पाहिल्याशिवाय त्याला दोष देणे योग्य होणार नाही.

हॉकीत चेंडूला डीच्या, म्हणजे गोलसमोर आखलेल्या अर्धवर्तुळासारख्या भागाच्या, आत आक्रमकाची स्टिक लागल्याशिवाय गोल ग्राह्य धरला जात नाही. ही डी गोलपोस्टपासून 14.63 मीटर अंतरावर आखलेली असते आणि बचाव करणाऱ्या संघाची सगळी धडपड चेंडू या रेषेच्या बाहेर ठेवण्यासाठी चाललेली असते. चेंडू आत न्यायचा तर एक तर योग्य जागी मोकळ्या उभ्या असलेल्या सहकाऱ्याकडे पास द्यावा लागतो, नाही तर तो स्टिकवर खेळवत स्वतः आत घुसावे लागते. धनराज दुसऱ्या प्रकारात अत्यंत वाकबगार होता. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते, त्यामुळे आपल्या डावीकडून जाणारा चेंडू अडवताना बचावपटूला स्टिक उलटी फिरवावी लागते आणि तिथे त्याची पकड कच्ची पडते. पूर्ण वेगात असताना चेंडू डावीकडून उजवीकडे घेऊन नेमक्या त्या कच्च्या बाजूने निसटून जाणे ही भारतीय उपखंडातील आघाडीपटूंची जुनी विद्या आहे. धनराजने तिला अ‍ॅस्ट्रोटर्फवरच्या, म्हणजे कृत्रिम मैदानावरच्या, वेगाची जोड दिली. एकदा तो डीत शिरला की बचावपटूची कोंडी होत असे, कारण टॅकल किंचित चुकला किंवा चेंडू पायाला लागला तरी पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलरेषेवरून चेंडू बाहेर देऊन गोलवर फटका मारण्याची संधी, द्यावा लागतो. म्हणून धनराजच्या धावण्याचे मोल ठरवताना त्याच्या गोलांबरोबर त्याने मिळवून दिलेले पेनल्टी कॉर्नरही मोजले पाहिजेत, आणि माझ्या मते त्या काळातील भारतीय आक्रमणाचा खरा आधार तेच होते.

आता या कॉर्नरचे पुढे काय झाले ते पाहा. 1990 च्या दशकात नेदरलँड्सकडे फ्लोरिस यान बोव्हेलँडर होता आणि दशकाच्या अखेरीस पाकिस्तानकडे सोहेल अब्बास आला. कॉर्नर मिळाला म्हणजे निम्मा गोल झाला, असा विश्वास या संघांना वाटत असे. भारताला जुगराजसिंगच्या रूपाने तसा भरवशाचा ड्रॅग-फ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर चेंडू स्टिकने ओढत गोलकडे भिरकावणारा खेळाडू, मिळेपर्यंत नवे शतक उजाडले होते, आणि तोवर धनराज तिशी ओलांडून पुढे गेला होता. आघाडीपटूने कॉर्नर मिळवून द्यायचे, संघाने ते वाया घालवायचे आणि शेवटी गोल का झाले नाहीत याचा जाब त्या आघाडीपटूलाच विचारायचा, हे मला अन्यायाचे वाटते.

तरीही मामांच्या तक्रारीतला एक भाग मी पूर्णपणे मान्य करतो. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून हॉकी कृत्रिम मैदानावर गेली आणि कोणत्याही धावपटूपेक्षा चेंडूच वेगवान झाला. प्रतिस्पर्ध्यांच्या डीजवळ धनराजकडून चेंडू हिसकावला गेला की जर्मनी किंवा ऑस्ट्रेलियासारखे संघ तीन-चार पासांत भारताच्या डीपर्यंत पोहोचत, आणि त्या वेळी आपले निम्मे खेळाडू पुढे अडकलेले असत. असे प्रसंग ज्यांनी पाहिले त्यांचा संताप समजण्यासारखा आहे. पण हिशेब असाही मांडता येतो की, धनराजला अडवायला तीन जण गेले तर गोलरक्षक वगळता प्रतिस्पर्ध्यांचे सातच खेळाडू उरतात आणि आपले नऊ. त्या मोकळ्या झालेल्या जागेत धाव कोणी घ्यायची आणि चेंडू गेलाच तर मधल्या फळीने कुठे उभे राहायचे, हे ठरवणे प्रशिक्षकाचे आणि उरलेल्या खेळाडूंचे काम होते. त्या दशकातील भारतीय संघात ते सातत्याने झाले नाही. प्रशिक्षक आणि संघ वारंवार बदलत राहिल्यावर असा मेळ बसणार तरी कसा?

ऑलिम्पिक पदकाचेही तसेच आहे. बार्सिलोनात भारत सातवा, अटलांटात आठवा, सिडनीत सातवा आणि अथेन्समध्ये पुन्हा सातवा आला. यांपैकी सिडनीची सल सर्वांत खोल आहे, कारण तिथे पोलंडविरुद्ध जिंकले असते तर उपांत्य फेरी हाती होती. भारताने 1-0 अशी आघाडी घेतली आणि अगदी शेवटच्या मिनिटांत बरोबरीचा गोल स्वीकारला. त्या सामन्यात दुसरा गोल न करणे आणि एका गोलाची आघाडी राखता न येणे ही सबंध संघाची चूक होती. ती एका आघाडीपटूच्या शैलीच्या खात्यावर टाकता येत नाही. वडिलांचे ‘एकट्याने तारले’ हे वाक्यही मी तसेच्या तसे स्वीकारणार नाही. 1998 च्या बँकॉक आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने 32 वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा धनराज कर्णधार होता हे खरे, पण दक्षिण कोरियाविरुद्धचा अंतिम सामना टायब्रेकरवर गेला आणि तिथे गोलरक्षक आशिष बल्लाळने पेनल्टी स्ट्रोक (एकट्या गोलरक्षकासमोर मारायचे फटके) अडवले म्हणून ते पदक आले. त्या सुवर्णानंतर धनराजसह काही ज्येष्ठ खेळाडूंना संघाबाहेर ठेवण्यात आले, ही गोष्ट मला आजही बोचते.

प्रश्न : धनराज नेमका कोणत्या जागेवर खेळत असे? कोणी सेंटर फॉरवर्ड म्हणतात, कोणी इन्साइड लेफ्ट. (एक वाचक, पुणे)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत. सेंटर फॉरवर्ड म्हणजे आघाडीची मधली जागा आणि इन्साइड लेफ्ट म्हणजे तिच्या लगतची डावीकडची. पाच आघाडीपटूंच्या जुन्या भारतीय रचनेत त्याचे नाव या दोन्ही जागांवर लिहिले गेले, पण प्रत्यक्षात तो मागे येऊन मधल्या फळीकडून चेंडू घेत असे आणि मग मोकळी जागा दिसेल त्या बाजूला जात असे. आपण पुण्याचे आहात म्हणून आवर्जून सांगतो की, या मुक्त खेळाचे मूळ खडकीत आहे. तेथील दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत त्याचे वडील मैदानाची देखभाल करत आणि ही भावंडे मोडक्या स्टिक दुरुस्त करून खेळत. खडबडीत जमिनीवर चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा नसतो, त्यामुळे तो स्टिकजवळ ठेवण्याची सवय तिथेच लागते. आधीच्या पिढीतील भारतीय आघाडीपटू मोहम्मद शाहिद हा त्याचा आदर्श होता, हे धनराजच्या ड्रिबलिंगवरून, म्हणजे चेंडू स्टिकवर खेळवत नेण्याच्या पद्धतीवरून, सहज ओळखू येत असे.

प्रश्न : 339 सामन्यांत सुमारे 170 गोल, म्हणजे दोन सामन्यांत एक. जागतिक दर्जाच्या आघाडीपटूसाठी हे प्रमाण कमी नाही का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : मला ते कमी वाटत नाही. पेनल्टी कॉर्नरवर मुख्य फटका मारण्याचे काम त्याच्याकडे नव्हते, त्यामुळे ज्या खेळाडूंच्या गोलसंख्येचा मोठा वाटा कॉर्नरमधून येतो त्यांच्याशी त्याची तुलना करता येत नाही. शिवाय त्या काळी आपल्याकडे नोंदी नीट ठेवल्या जात नसत. गोलांचा आकडाच जिथे ‘सुमारे’ म्हणून सांगावा लागतो, तिथे कोणाच्या पासवर गोल झाला याची मोजदाद कुठून असणार?

गोलसंख्येपेक्षा 2002 आणि 2003 ही दोन वर्षे मला अधिक बोलकी वाटतात. तोवर गगनअजितसिंग, दीपक ठाकूर आणि प्रभजोतसिंग हे तरुण आघाडीत आले होते. धनराजभोवती बचावपटू गोळा झाले की हे तिघे मोकळ्या जागेत धावत आणि तो त्यांच्याकडे चेंडू सोडत असे. चौतिसाव्या वर्षी कोलोनच्या चॅम्पियन्स करंडकात तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि तेही संघ चौथा आलेला असताना. पुढच्या वर्षी अ‍ॅम्स्टेलव्हीनमध्ये भारताने मागे पडूनही पाकिस्तानला 7-4 असे हरवले, आणि त्यानंतर क्वालालंपूरला पाकिस्तानलाच 4-2 असे नमवून आशिया चषक प्रथमच जिंकला. या दोन्ही वेळी कर्णधार धनराजच होता. ज्या खेळाडूला पास देता येत नाही असे म्हटले जाई, त्याच्या भोवती धावणारी माणसे येताच त्याचे पास दिसू लागले. वयाने वेग थोडा कमी झाल्यामुळे तो चेंडू लवकर सोडू लागला, असेही कोणी म्हणेल, आणि त्यातही तथ्य आहे. पण पास घ्यायला कोणी नसते तर लवकर सोडलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यांनाच मिळाला असता.

प्रश्न : आजच्या भारतीय संघात धनराजसारख्या आघाडीपटूला जागा मिळाली असती का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मिळाली असती, पण खेळ बदलावा लागला असता. आता खेळाडू सतत आतबाहेर होतात, आघाडीपटू थोडा वेळ जीव तोडून खेळतो आणि विश्रांतीला जातो. प्रतिस्पर्ध्यांच्या बचावपटूंवर दडपण आणून चेंडू परत मिळवणे हे त्याचे पहिले कर्तव्य मानले जाते, आणि त्यातून धनराजलाही सूट मिळाली नसती. उलट त्याने मिळवलेल्या कॉर्नरचे आज सोने झाले असते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये हरमनप्रीतसिंगने 10 गोल केले ते बहुतांशी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवर.

प्रश्न : मी शाळेच्या संघाला शिकवतो. आघाडीतील एक मुलगा अतिशय गुणी आहे, पण चेंडू सोडतच नाही. त्याला बाहेर बसवावे का? (एक शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : कृपया बसवू नका, आणि ‘पास दे, पास दे’ असे बाहेरून ओरडतही राहू नका. त्यामुळे तो घाबरून चेंडू लवकर टाकायला शिकेल, पण कुठे टाकायचा हे त्याला कळणार नाही. मैदानाचे भाग पाडून त्याला नियम घालून द्या. स्वतःच्या अर्ध्या भागात दोन स्पर्शांत चेंडू सोडायचा, मध्यरेषा ओलांडल्यावर एकाला चुकवण्याची मुभा आणि डीजवळ पूर्ण मोकळीक. सराव करताना त्याच्यापुढे तीन बचावपटू उभे करा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सहकारी धावत ठेवा. तिसरा बचावपटू अंगावर आला की चेंडू सुटला पाहिजे, एवढी एकच खूण त्याला लक्षात ठेवू द्या. इतर मुलांकडे त्याहून जास्त लक्ष द्यावे लागेल, कारण गुणी मुलाच्या स्टिकवर चेंडू असला की बाकीचे उभे राहून पाहत बसतात. त्याने चेंडू घेताच एकाने पुढे धावायचे, एकाने आधाराला मागे थांबायचे आणि चेंडू गेलाच तर मधल्या फळीतील दोघांनी लगेच जागा भरायची, हे रोज अर्धा तास घोटून घ्या. महिनाभराने तो मुलगा किती वेळा पास देतो ते मोजा, आणि पास घेण्यासारख्या जागी त्याचे सहकारी किती वेळा पोहोचतात तेही त्याच वहीत लिहा.