लॉन २५ मिमी की ३५? ताई, आधी झाडाचं बघा

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. भाड्याच्या जागेतला बालवर्ग, ३२ मुलं, मागे ३० बाय ४५ फुटांची मोकळी जागा आणि हाताशी अडीच लाख. ठेकेदाराचं कोटेशनही वाचलं. जागा सपाट करून चार इंच पीसीसी (म्हणजे काँक्रीटचा कोबा), त्यावर आर्टिफिशियल लॉन, घसरगुंडीवाला मल्टिप्ले सेट, दोन झोपाळे, भिंतीवर कार्टून. कोपऱ्यातल्या आंब्याचा पाला लॉनवर पडेल म्हणून तो 'बराचसा उतरवायचा'. आणि तुम्ही विचारताय, लॉन २५ मिमी उंच पात्यांचं घ्यावं की ३५.

नावं बदलली तर हे माझंच २०१४ सालचं कोटेशन आहे. फक्त माझ्याकडे आंब्याच्या जागी करंज होता. म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. मी आर्किटेक्ट नाही, इंजिनियर नाही, बागकामातलं शिक्षणही नाही. बावीस वर्षं बालवर्ग चालवतेय, एवढंच भांडवल. आमचं गाव कृष्णाकाठचं, काळ्या मातीचं. तुमच्याकडे कोकणातला पाऊस किंवा घाटमाथ्याची हवा असेल तर त्या हिशोबानं फेरफार करा.

कुंपण, फाटकाची कडी मुलांच्या हाताबाहेर, पिण्याचं पाणी, प्रथमोपचाराची पेटी, हे तुम्ही केलेलंच असणार. त्यावर वेळ घालवत नाही. माझं खरं नुकसान कुठं झालं ते सांगते.

आमच्या करंजाची एक फांदी शेजारच्या पत्र्यावर गेली होती. वळिवात ती तुटली तर पत्रा आणि भांडण दोन्ही आमच्या अंगावर. शहरात फांदी छाटायलाही परवानगी लागते, म्हणून मी रीतसर अर्ज केला. कार्यालयाचं नाव घेत नाही, ज्यांना जावं लागलंय ते ओळखतील. पहिल्या खेपेला उतारा आणा. दुसऱ्या खेपेला जागामालकाचं संमतीपत्र. तिसऱ्या खेपेला फोटो, पण रंगीत. मग साहेब रजेवर. मग फाईल दुसऱ्या टेबलावर, त्या टेबलाचे बाबा निवडणुकीच्या कामावर. आठ महिने गेले. शाळा सुटली की मी पर्स आणि अर्जाची प्रत घेऊन निघायची. त्या आठ महिन्यांत माझं सगळं लक्ष त्या एका फांदीत अडकलं, आणि चूक तिथंच झाली.

कारण मधल्या काळात ठेकेदार म्हणाला, "मॅडम, फांदीचं होईल तेव्हा होईल, दिवाळीच्या सुट्टीत जमिनीचं तरी उरकून घेऊ." मी हो म्हटलं. त्यानं लेव्हल काढायला बुंध्याभोवती दीड फूट खणलं. आडव्या येणाऱ्या मुळ्या कुऱ्हाडीनं तोडल्या. डबर टाकून वर चार इंच कोबा ओतला, अगदी बुंध्याला चिकटून. मी शेजारी उभी होते. गवंड्याला चहा दिला.

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात कार्यालयाचा माणूस पाहणीला आला. मान वर करून फांदी बघितली, टेपनं बुंध्याचा घेर मोजला, सही घेतली. खाली तुटलेल्या मुळ्यांचा ढीग पडला होता. त्यावर पाय देऊनच तो उभा होता. त्याच्या फॉर्मात मुळ्यांचा रकाना नव्हता.

झाडाला अन्नपाणी पुरवणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरतात. त्यांना पाणी लागतं तशी हवाही लागते. वरून कोबा म्हणजे दोन्ही बंद. हे मला नंतर एका रोपवाटिकावाल्यानं सांगितलं, पुस्तकात शोधायची गरजही पडली नाही. झाड लगेच मरत नाही, हीच फसवणूक आहे. पहिल्या वर्षी काही कळलं नाही. करंज चैत्रात पोपटी पालवीनं कसा भरतो ते तुम्ही पाहिलं असेल. २०१६ ला ती पालवी बारीक आली. २०१७ ला अर्धं झाड उघडं राहिलं. त्या उन्हाळ्यात ते वाळलं.

वाळलेलं झाड मुलांच्या डोक्यावर धोका, म्हणून तोडायची परवानगी मागायला परत त्याच दारात गेले. या वेळी कार्यालय जागं झालं. नवव्या दिवशी नोटीस. झाड वाळण्यास आपण कारणीभूत नसल्याचा खुलासा करा! आठ महिने ज्यांना आमच्या शाळेचा पत्ता सापडत नव्हता त्यांना तो आता बिनचूक सापडला. खुलासा काय करणार, कारणीभूत मीच होते. असो. त्या विषयावर बोलायला लागले की रक्तदाब वाढतो.

आता सावली गेल्यावर काय झालं ते ऐका, कारण तुमच्या लॉनचं उत्तर त्यात आहे. प्लास्टिकचं गवत उन्हात भयंकर तापतं. खरं गवत पाणी सोडून थंड राहतं, हे नुसतं ऊन पीत बसतं. मार्चअखेरीपासून सकाळी साडेदहाला पाय ठेववत नव्हता. मी खिडकीतून बघायची. मधल्या सुट्टीत बावन्न मुलं बाहेर, आणि सगळी पूर्वेच्या भिंतीलगतच्या चार फुटी सावलीत, पंगतीला बसल्यासारखी. पुढ्यात हिरवंगार लॉन, लालपिवळी घसरगुंडी, आणि त्यावर एक कावळासुद्धा नाही. एक लाख ऐंशी हजार रुपये ऊन खात पडले होते. एक मुलगी अनवाणी धावली आणि तळवे लाल करून घेतले. तिच्या आजीनं मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही, पण बरोबर होतं.

पावसाळ्यात उलटं. कोब्याचा उतार वर्गाच्या दाराकडे आला होता. लॉनखाली पाणी साचायचं, चार दिवसांत कुबट वास. तीन-चार वर्षांची मुलं, कधी कुणाची शू व्हायची तीही त्यातच मुरायची. म्हणजे वर्षातले तीन महिने तापतं म्हणून बंद आणि तीन महिने साचतं म्हणून बंद.

लॉन प्रवेशाच्या दिवसांत कामाला येतं हे मात्र मान्य करते. फोटो छान येतात. पालक दारातून आत बघतात, हिरवं दिसलं की खूश होतात. तुम्हाला त्यासाठीच हवं असेल तर रागावू नका, पण पुढल्या दाराशी दहा फूट टाका आणि मागचं अंगण सोडा.

२०१८ मध्ये मी तो कोबा ब्रेकर लावून फोडला. ओतायला लागले त्याहून फोडायला जास्त त्रास आणि ट्रॉलीचं भाडं वेगळं. खालची माती दगडासारखी, एक गांडूळ दिसेना. सगळं डबर बाहेर टाकायला पैसे नव्हते म्हणून त्याचंच एका कोपऱ्यात तीन फुटी टेकाड केलं आणि वर दोन फूट लाल माती चढवली. नाइलाजानं केलं, आणि आज मुलं सगळ्यात जास्त वेळ त्याच टेकाडावर असतात. चढतात, लोळतात, पोत्यावर बसून घसरतात. दर पावसाळ्यानंतर माती वाहून डबराच्या धारा उघड्या पडतात, म्हणून दिवाळीत नवी माती घालावी लागते. तुमच्याकडे डबर नसेल तर नुसत्या मातीचंच करा.

आमची काळी माती पावसात चपलेला चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे खेळायच्या भागात लाल माती आणली. मुरूम पसरू नका. दाबला की रस्त्यासारखा टणक होतो, गुडघे फुटतात.

मग माझं ऐकायचं असेल तर अडीच लाखांचा क्रम असा लावा. पहिला पैसा सावलीला. आंब्याला हात लावू नका. फांद्यांच्या घेराखाली खणणं नाही, कोबा नाही, पेव्हर ब्लॉकसुद्धा नाहीत. पाला पडतो? पडू दे. पोरांना पाला गोळा करण्याइतका आवडता खेळ दुसरा नाही. आंब्याची सावली पोचत नाही तिथं जीआय पाईपवर (जस्त चढवलेल्या लोखंडी) ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट. ती मेमध्ये वळिवाच्या आधी सोडता आली पाहिजे, नाहीतर वाऱ्यात पाईपसकट जाते (आमची गेली). एका बाजूला मांडव घालून दुधी किंवा दोडका चढवा. जानेवारी-फेब्रुवारीत बी टोचलं आणि पाणी दिलं तर एप्रिलला सावली मिळते, वर भाजी. शेवगा मात्र आवारात नको. फांदी ठिसूळ, मुलं लोंबकळतात. शिवाय त्यावर केसाळ सुरवंट येतात. पिवळी कण्हेर, धोत्रा, एरंड, गुंजेचा वेल यांतलं काही कुंपणाला असेल तर आजच काढा. या वयात बी तोंडात जातंच.

दुसरा पैसा वाळू-पाण्याला. आठ बाय दहाचा वाळूचा हौद, तळाला कोबा न करता, म्हणजे पाणी मुरतं. नदीची चाळलेली वाळू थोडीच लागते, तेवढी कायदेशीर पावतीनं मिळवा. एम-सँड स्वस्त पडते, पण ती दगड दळून केलेली असते, टोचते आणि धूळ उडते. रात्री ताडपत्री झाका. मांजरांना वाळूचा हौद म्हणजे शौचालय वाटतं. पाण्याचा टब खेळ झाला की मावशींनी लगेच पालथा घालायचा, हा नियम मी कुणालाही मोडू देत नाही. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. जुने टायर आणाल तर त्यांना खाली भोकं पाडा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात वाढतो.

झोपाळ्यांबद्दल माझं मत टोकाचं आहे. तुमच्या जागेत नकोतच. झोपाळ्याच्या कडीची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट अंतर पुढे आणि तेवढंच मागे मोकळं ठेवावं लागतं. कडी सहा फुटांवर धरली तर पुढे बारा, मागे बारा. तीस फुटांतले चोवीस दोन मुलांच्या हौसेला गेले, उरलेली तीस उभी राहून बघणार. सीसॉचंही तेच, दोघं खेळतात आणि दहाजण भांडतात.

घसरगुंडी घ्यायचीच तर चार फुटांच्या आत, आंब्याखाली, आणि तोंड पश्चिमेला नको. भोवती सहा फूट मोकळे आणि पडायच्या जागी किमान नऊ इंच सैल वाळू. ही मापं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेतली आहेत. आपल्या फॅब्रिकेटरला ती माहीत नसतात, तुम्ही लिहून द्या. त्यातलंच आणखी एक. कठड्याच्या दोन गजांमधलं अंतर साडेतीन इंचांहून जास्त आणि नऊ इंचांहून कमी असं कुठंही नको. त्या फटीतून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. तयार मल्टिप्ले सेट घेतानासुद्धा टेप घेऊन जा. मी गेले नव्हते.

बाकीचे खेळ भंगारातून. करवंट्या, फाटलेली पातेली, बांबूची पन्हळ, पीव्हीसी पाईपचे तुकडे, विटा, जुन्या साड्या, लाकडाचे ओंडके तासून. १९४३ साली कोपनहेगनजवळ एमड्रुपला सोरेन्सन नावाच्या लँडस्केप आर्किटेक्टनं मुद्दाम भंगाराचं मैदान केलं होतं. त्यानं आधी सुबक मैदानं आखली होती आणि मुलं ती सोडून पडक्या जागी, बांधकामावर खेळायला जातात हे त्याच्या लक्षात आलं होतं. आमचे हे म्हणतात, आपल्याकडे प्रत्येक आजोळी ते होतंच. खिळे आणि धारा मात्र आठवड्याला एकदा हातानं तपासा.

आपल्याला हे परदेशातून शिकायचंही कारण नाही. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला (आताचा पालघर जिल्हा) आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही काढली. खडे, पानं, शिंपले, बिया, जे हाताशी होतं त्यातून साधनं केली. आता आपण अंगणावर कोबा घालतो आणि वर गवताच्या रंगाचं प्लास्टिक पसरतो.

पालक कपड्यांवरून तक्रार करतील, दरवर्षी करतात. मी जूनच्या पहिल्या सभेतच सांगते की बुधवार-शुक्रवार माती, त्या दिवशी जुने कपडे, दप्तरात एक जादा जोड. दोन-तीन घरं दरवर्षी नाराज होतात. एकदा एका मुलाचं नावही काढून नेलं. ते सोसावं लागतं.

जागा भाड्याची आहे, तेव्हा मालकाकडून झाडाबद्दल लेखी घ्या की तुम्ही असेपर्यंत ते तोडणार नाहीत. आणि ठेकेदाराला होकार देण्याआधी एक काम करा. रांगोळी घेऊन सकाळी नऊ, अकरा आणि दुपारी एकला अंगणात सावलीची कड आखून घ्या, फोटो इथं टाका. मग कुठं काय ठेवायचं ते इथले बाकीचे जाणकारही सांगतील. मी चुकत असेन तर सुधारा.

लॉनचं म्हणाल तर माझ्याकडचं काढलेलं अजून आहे. तुकडे कापून मुलांच्या शौचालयापुढे पाय पुसायला टाकलेत. त्या कामाला २५ मिमी पुरतं.