पंचांग बघून निघा : हर्णै-आंजर्ल्याचे दोन दिवस

दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदराबद्दल आणि शेजारच्या आंजर्ल्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काहींची उत्तरे या वेळी देत आहोत.

प्रश्न : पुण्याहून शनिवारी निघून रविवारी परतायचे आहे. मुक्काम हर्णैत करावा की आंजर्ल्यात? कोणता महिना बरा? (एक वाचक, पुणे)

मुक्कामाला आंजर्ले, मासळीला हर्णै. हर्णै हे राबते बंदर आहे. पहाटेपासून टेम्पो, बर्फाच्या लाद्या, डिझेल आणि मासळीचा वास. शांतता हवी असलेल्या माणसाने तिथे खोली घेतली तर पहिल्याच पहाटे तक्रार सुरू होते. आंजर्ले खाडीच्या पलीकडे. जोग नदीवर पूल असल्याने गाडीने थोड्याच वेळात इकडून तिकडे जाता येते. तिथे नारळ-पोफळीच्या वाड्यांत घरगुती राहण्याची सोय आहे आणि किनारा लांबलचक, बहुधा रिकामा.

पुण्याहून ताम्हिणी-माणगाव-आंबेत-मंडणगड-दापोली असा रस्ता धरा. अंतर 200 किलोमीटरच्या आतबाहेर असले तरी घाट आणि वळणे धरून साडेपाच-सहा तास मोजा. पहाटे पाचला निघालात तर जेवायला पोहोचता. नऊला निघालात तर शनिवार रस्त्यातच गेला. रोकड दापोलीतच काढून घ्या. पुढे मोबाइलची रेंज गेली की फोनवरून पैसे देणे अडते.

ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी उत्तम. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते, तेव्हा ताज्या मासळीच्या आशेने जाऊ नका. नारळी पौर्णिमेनंतर हंगाम सुरू होतो, पण समुद्र पुरता निवळायला वेळ लागतो. शिमग्याच्या दिवसांत होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. सण बघायला जरूर जा, सुरमई घ्यायला नको.

प्रश्न : दोनदा गेलो, दोन्ही वेळा संध्याकाळी किनाऱ्यावर चालायला वाळूच नव्हती. भरतीची वेळ आधी कशी कळेल? (एक वाचक, डोंबिवली)

भिंतीवरची दिनदर्शिका काढा. कोकण किनाऱ्याचा जुना हिशेब असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर 4 च्या पाऊणपट 3, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवा, नऊला पूर्ण ओहोटी. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. शुक्ल आणि कृष्ण दोन्ही पक्षांना हेच गणित चालते. पौर्णिमा आणि अमावास्या दोन्हींना 15 धरायचे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढे चालवून घ्या. वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.

आता तुमचे काय चुकले ते बघा. अष्टमीला 8 च्या पाऊणपट 6. संध्याकाळी सहाला, नेमकी सूर्यास्ताच्या वेळी, पूर्ण भरती. सप्तमी-नवमीलाही तेच, पाऊण तास मागेपुढे. संध्याकाळी चालायचे असेल तर त्रयोदशी ते प्रतिपदा या तिथी निवडा. पौर्णिमा-अमावास्येला भरती सव्वाअकराची, म्हणून ओहोटी सव्वापाचला. शिवाय तेव्हा उधाण असल्याने पाणी जितके चढते तितकेच खोलवर ओसरते, आणि किनारा सगळ्यात रुंद मिळतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो : पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

एक गोष्ट या हिशेबात दिसत नाही. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलते, आणि मधल्या दोन तासांत जवळपास निम्मी भरती येऊन जाते. ओल्या वाळूवर लावलेल्या गाड्या अडकतात त्या यामुळेच. 'अजून लांब आहे पाणी' म्हणून माणसे चहाला बसतात. चाक रुतले की ॲक्सिलरेटर दाबू नका, चाक आणखी खाली जाते. हवा थोडी कमी करा, चाकापुढची वाळू उकरून फळी किंवा झावळ्या घाला. त्याहून सोपे म्हणजे गाडी किनाऱ्यावर नेऊच नका.

प्रश्न : हर्णैच्या लिलावात आम्हाला मासळी घेता येईल का? चौघांसाठी किती घ्यावी? फसवणूक होते का? (एक वाचक, नाशिक)

लिलाव दिवसातून दोनदा, सकाळी आणि दुपारी चार-पाचनंतर. मोठ्या होड्या खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या असतात. मासळी छोट्या होड्यांतून आणि हर्णैची ओळख बनलेल्या, पाण्यात शिरणाऱ्या बैलगाड्यांतून काठावर येते. वाळूवर ढीग किंवा टोपल्या मांडतात, भोवती घोळका जमतो, बोली लागते. एकेक ढीग चौघांच्या कुटुंबाला महिनाभर पुरेल एवढा. त्यामुळे लिलाव बघायचा आणि खरेदी बाजूला बसलेल्या कोळणींकडे करायची. बोली चालू असताना मध्ये घुसून 'अर्धा किलो मिळेल का' विचारलेत तर खरमरीत उत्तर मिळेल, आणि ते योग्यच.

बंदरावरची मासळी म्हणजे आजचीच, हा मोठा गैरसमज. मोठे ट्रॉलर काही दिवस समुद्रात राहतात आणि बर्फातली मासळी घेऊन येतात. रोज जाऊन येणाऱ्या छोट्या होड्यांची मासळी त्याहून ताजी. तेव्हा 'ताजी आहे का' विचारू नका, 'कुठल्या होडीची' विचारा आणि स्वतः तपासा. पापलेटचा कल्ल्याजवळचा भाग दाबला की पांढरट पाणी यावे; पिवळसर किंवा लालसर आले तर ठेवून द्या. बांगड्याचे डोळे फुगीर, कल्ले लालभडक, आणि पोट दाबल्यावर खळगा राहू नये. कोळंबीचे डोके काळपट किंवा लोंबते असेल तर नको. खेकडा जिवंत आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. नुकती कात टाकलेला आतून पोकळ निघतो.

बांगड्याबाबत थोडे जास्त सांगतो. तो उन्हात तास-दोन तास राहिला की त्यात हिस्टामिन तयार होते. नंतर कितीही शिजवले तरी ते जात नाही, आणि खाणाऱ्याच्या अंगावर गांधी उठतात. 'मला बांगड्याची ॲलर्जी आहे' म्हणणाऱ्या काहींचा दोष खरे तर गाडीच्या डिकीचा असतो.

माणशी पाव किलो ते 300 ग्रॅम अख्खी मासळी पुरते, म्हणजे चौघांना एक ते सव्वा किलो. कोळंबीचा हिशेब वेगळा : किलोभर अख्खी घेतली तर सोलून अर्ध्या किलोच्या आसपास हाती लागते. साफ करून तिथेच घ्या, पण डोकी टाकू देऊ नका, कालवणाची चव तिथे आहे. मुक्कामाच्या ठिकाणी काकूंना सकाळीच सांगून ठेवा की संध्याकाळी मासळी आणतो, आणि करून देण्याचे किती ते आधी ठरवा. रात्री आठला पिशवी पुढे करणाऱ्या पाहुण्याला कोणीच हसून सामोरे जात नाही.

प्रश्न : मासळी मुंबईपर्यंत टिकेल का? (एक वाचक, ठाणे)

टिकेल. थर्माकोलचा डबा, आणि किलोला किलोभर बर्फ. बर्फ फोडून घ्या. मोठी लादी मासळीला सगळीकडून टेकत नाही. तळाला बर्फ, मग पोट साफ केलेली मासळी, वर पुन्हा बर्फ. तळाला छोटे भोक पाडून डबा ट्रेमध्ये ठेवा, म्हणजे वितळलेले पाणी साचणार नाही. त्या पाण्यात डुंबलेली मासळी पचपचीत होते. तुकडे घरी गेल्यावर करा.

प्रश्न : सोबत पंच्याहत्तरीची शाकाहारी आई आणि दहा वर्षांचा मुलगा आहे. त्यांनी काय करायचे? (एक वाचक, सातारा)

आईंना कड्यावरच्या गणपतीला न्या. पायऱ्या आहेत, पण गाडी वरपर्यंत जाते. मूर्ती उजव्या सोंडेची, आणि वरून अख्खा किनारा दिसतो. जेवणात उकडीचे मोदक, बिरड्या, सोलकढी सांगून ठेवता येते. तवा आणि भांडी वेगळी हवी असतील तर खोली ठरवतानाच बोला.

मुलाला सुवर्णदुर्ग. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक. हर्णैहून होडीने थोडाच वेळ लागतो. उतरताना बहुधा पाण्यात पाय घालावा लागतो, म्हणून चपला पट्ट्याच्या हव्यात. दारातल्या पायरीवर कोरलेले कासव त्याला शोधायला सांगा. माणशी लिटरभर पिण्याचे पाणी न्या. जीवरक्षक जाकीट मागा. 'लागत नाही' म्हणणाऱ्या होडीत बसू नका. नावाडी वारा बघून नाही म्हणाला तर वाद घालू नका.

मुलाला खाडीच्या तोंडाशी मात्र पोहू देऊ नका, विशेषतः ओहोटीला. खाडीचे सगळे पाणी तेव्हा त्या अरुंद वाटेने बाहेर पडते आणि माणसाला घेऊन जाते. कोणी ओढीत सापडलाच तर किनाऱ्याकडे न झगडता किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला निघावे.

फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर आंजर्ल्याच्या वाळूत कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडतात, सकाळी आणि संध्याकाळी. पिल्ले ठरावीक तारखेला निघत नाहीत. आदल्या दिवशी गावात फोन करून विचारा. बॅटरी आणि फ्लॅश बंद ठेवा, पिल्ले उजेडाच्या दिशेने भरकटतात.

प्रश्न : वाळत घातलेल्या मासळीचे फोटो काढलेले चालतात का? (एक वाचक, कोल्हापूर)

विचारून काढा, आणि वाळवणावरून चालू नका. जवळा, मांदेली, बोंबील विकत घेताना मूठभर हातात चुरून बघा : कुरकुरीत मोडले पाहिजे, वाळू लागता कामा नये. दमट घेतलेत तर आठवड्यात बुरशी येते. घरी नेल्यावर एक कडक ऊन द्या आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरा, नाहीतर शेजारी विचारायला येतील.