एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे आईला डिमेन्शिया नाही असं समजायचं का?

नाही. डिमेन्शियाचं निदान विसरभोळेपणाचा इतिहास, रोजच्या कामांत होणारी अडचण आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या यांवरून होतं. सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये एमआरआय अगदी नॉर्मल दिसू शकतो.

स्कॅनचा पहिला उपयोग म्हणजे उपचार होण्याजोगी कारणं शोधणं: कवटीखाली हळूहळू साठलेलं रक्त, गाठ, मेंदूत तुंबलेलं पाणी. म्हातारपणी किरकोळ पडण्यानंतरही आठवड्यांनी असं रक्त साठलेलं सापडतं, म्हणून पडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

फॉर्मवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन’ नको, ‘डिमेन्शियासाठी’ असं लिहून घ्या. हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी जोडलेला भाग) नीट पाहायला कोरोनल टी-१ काप, म्हणजे कानापासून कानापर्यंतच्या उभ्या छेदाची एका ठरावीक प्रकारची एमआरआय चित्रं, लागतात. त्याची झीज ० ते ४ अशी मोजतात. पंचाहत्तरीच्या आत २ म्हणजे खटकणारं, त्यापुढे तेच बहुधा वयानुसार. रिपोर्टमधल्या ‘वयानुरूप झीज’ या शब्दांनी घाबरू नका.

तरीही शंका राहिली तर न्यूरॉलॉजिस्ट एफडीजी पेट (मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो हे दाखवणारा स्कॅन) सुचवतात. त्याआधी ४ ते ६ तास उपाशी राहावं लागतं. रक्तातली साखर जास्त असेल तर चित्र फसवं येतं, त्यामुळे मधुमेहाची औषधं आधीच विचारून ठेवा. बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड कमी असल्यानेही विसर पडतो, म्हणून ते मात्र स्कॅनच्याही आधी रक्तातून तपासा. स्वस्त आहे आणि बऱ्याचदा राहून जातं.