‘भोंगा झाला’ की ‘भोंगा वाजला’?

प्रश्न असा आलाय की आईच्या शाळेतल्या आठवणी टाईप करतोय, १९७१ च्या लढाईतल्या, परळच्या म्युनिसिपालटीच्या शाळेतल्या, आणि ती सारखी ‘भोंगा झाला की आम्ही बाकाखाली’ असं म्हणते, तर ते ‘भोंगा वाजला’ असं दुरुस्त करायचं का?

अजिबात करू नका.

शाळेत आपण काय म्हणतो? घंटा झाली. देवळात घंटा वाजते, येणारा जाणारा कोणीही वाजवतो, पण शाळेत घंटा ‘होते’ म्हणजे तास संपला, दप्तर भरा, पळा. जो आवाज ऐकून सगळ्यांनी काहीतरी ठरलेलं करायचं असतं त्याला ‘होणे’ लागतं, असं माझं मत. गिरणगावात, म्हणजे परळ-लालबागच्या कापड गिरण्यांच्या वस्तीत, तर अख्खं घर गिरणीच्या पाळीच्या भोंग्यावर चालायचं, ‘भोंगा झाला, डबा भर लवकर’, भिंतीवर घड्याळ असलं तरी हेच. मग ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली आणि हवाई हल्ल्याचे सायरन आले तेव्हा त्या पोरांच्या तोंडात शब्दही तयार होता आणि क्रियापदही. तुमची आई चुकत नाहीये, गिरणीची मराठी बोलतेय.

माझी मावशी लालबागची, तीही असंच बोलते. धोक्याचा भोंगा वरखाली होत ओरडायचा आणि धोका टळल्याचा एका सुरात सलग, त्याला ती ‘ऑल किलेर झालं’ म्हणते, बघा इथेही ‘झालं’च! कानात कापसाचे बोळे आणि दातात रुमाल धरून बाकाखाली बसायचं, बाई कापूस आणलाय का ते रोज तपासायच्या, आणि रुमाल तोंडात असला की पाढे म्हणायला सांगता येत नाहीत याचा तिला अजून आनंद आहे. घरी खिडकीच्या काचांना खळ लावून खाकी कागद चिकटवायचं काम पोरांकडेच. (ती ‘ब्लाकौट’ म्हणते. तुमच्या आईने असं काही म्हटलं असेल तर तेही राहू द्या, ‘संपूर्ण अंधार’ वगैरे करू नका प्लीज.)

आता हा प्रयोग कानाला खटकतो कारण भोंगेच गेले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, मग एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि २०२२ च्या मशिदींवरच्या भोंग्यांच्या राजकारणापासून तर नव्या पोरांना भोंगा म्हणजे लाऊडस्पीकर एवढंच माहीत. ७ मे २०२५ ला हवाई हल्ल्याच्या सरावाचं मॉक ड्रिल होतं तेव्हा आमच्या सोसायटीत सगळे ‘सायरन वाजणार आहे’ म्हणत होते, ‘होणार आहे’ कोणीच नाही. बरोबरच आहे, त्या आवाजावर काय करायचं ते कोणाला धड ठाऊक होतं?

एकच सांभाळा, सगळीकडे सरसकट ‘झाला’ही करून टाकू नका. ‘रात्री कुठेतरी लांब भोंगा वाजत होता’ असं ती म्हणाली असेल तर तेही तसंच ठेवा, तिथे नुसता आवाज आहे, त्यावर कोणी काही करायचं नाहीये.