ईएन24 (मिश्र पोलाद) मध्ये 9.8 चं ड्रिल मारून रीम करतो, म्हणजे रीमर घालून भोक नेमक्या मापाला आणतो. पण 10 मिमीचा रीमर पंधरा-वीस भोकांतच बोथट होतो. कोणत्या कंपनीचा घ्यावा?

कंपनी बदलून काही होणार नाही. नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीतून कितीही महाग रीमर आणा, त्याच मशीनवर तोही तसाच मरेल. तुम्ही लिहिलंय की 9.8 चं ड्रिल मारून रीम करता. ड्रिल 9.8 चं आहे, पण भोक किती येतं ते मोजलंय का?

हिंगणा एमआयडीसीतल्या एका शॉपमधलं काम सांगतो. रेडियल ड्रिलवर 24 फिक्स्चर प्लेट, प्रत्येकीत चार डॉवेल (जागा पक्की करणाऱ्या पिना), म्हणजे 10 एच7 ची, नेमक्या मापाची, 96 भोकं. माल टी कंडिशनचा (कडक करून आलेला) ईएन24, कडकपणा 248 ते 302 बीएचएन (ब्रिनेल). पहिल्या 30 भोकांत दोन एचएसएस (हायस्पीड स्टील) रीमर गेले. दहापट भिंगाखाली धरून बघितलं, तर सहा दातांपैकी शेजारच्या दोनच दातांचे कोपरे गोल झालेले, बाकी चार जवळपास नवे. माल कडक असता तर सहाही दात सारखे झिजले असते. डायल लावला तर रनआउट, म्हणजे फिरताना रीमरचं डगमगणं, 0.06 मिमी. मोर्स टेपरच्या स्लीव्हला (रीमर स्पिंडलमध्ये बसवायची निमुळती नळी) बाहेरून ठेच लागून उंचवटा आला होता. ऑइलस्टोनने तो घासून काढला, टेपर कोरड्या फडक्याने पुसला, रनआउट 0.015 वर आलं.

मग भोक मोजलं. 9.8 च्या ड्रिलचं भोक 9.93 निघालं, कारण ड्रिल हाताने घासलेलं होतं आणि त्याची एक धार लांब होती. रीमरला व्यासात उरले फक्त 0.07. एवढ्याशा मालात धार शिरत नाही, नुसती घासते, तापते आणि कोपरा जातो. 10 मिमीला व्यासात 0.2 ते 0.3 शिल्लक हवेतच. ड्रिल मशीनवर धार करून घेतलं आणि 9.7 चं वापरलं, भोक 9.75 आलं. उरलेली 66 भोकं एकाच रीमरने झाली.

कापण्याचा वेग मिनिटाला 6 मीटर धरा, म्हणजे साधारण 190 आरपीएम. तुमच्या गिअरमध्ये 180 असेल तर तेच घ्या. फीड फेऱ्याला 0.2. भीतीपोटी फीड कमी करणं ही सगळ्यात महाग चूक, तिथेही परत नुसतं घासणंच होतं. तळाशी थांबू नका. बाहेर काढतानाही स्पिंडल सुलटाच फिरवत काढा. उलटा फिरवला की चिप धारेच्या पाठीमागे अडकते आणि दात चिरतो. गंधकवालं नीट (पाणी न मिसळलेलं) कटिंग ऑइल ब्रशने लावा. दूधच (पाण्यात तेल मिसळलेलं कूलंट) वापरायचं असेल तर तेल 8 ते 10 टक्के, तेही रिफ्रॅक्टोमीटरने मोजून. मे महिन्यात नागपुरात टाकीतलं पाणी भराभर उडतं, दूध घट्ट होतं. मग कुणीतरी अंदाजाने नुसतं पाणी ओततं आणि दुसऱ्या दिवशी तेच दूध 3 टक्क्यांवर आलेलं असतं. भर घालायची ती 2-3 टक्क्यांच्या पातळ मिश्रणाची. मिश्रण करताना पाण्यात तेल घाला, तेलात पाणी नाही.

रीमर कापतो तो फक्त पुढच्या 45 अंशाच्या चॅम्फरवर, म्हणजे टोकाच्या तिरक्या कडेवर. धार करायची ती तिथेच, टूल अँड कटर ग्राइंडरवर, सगळे दात 0.01 च्या आत एका उंचीला आणून. बेंच ग्राइंडरवर टेकवलात की रीमर कायमचा गेला. बाहेरच्या मार्जिनला (व्यासाचं माप ठरवणारी अरुंद पट्टी) हात लावू नका, माप जातं. चॅम्फरवर 0.2 ची झीज दिसली की काढा. जळेपर्यंत ओढलात तर धार करताना फार माल काढावा लागतो.

आता ते दोन रीमर. स्टोअरने त्यांचे पैसे ऑपरेटरच्या पगारातून कापले. स्लीव्ह ठेचलेली होती, ड्रिल ज्याने घासलं तो वेगळाच, तरी कापले. हे मला अजून पटलेलं नाही. पगार कापला की माणूस बोथट रीमर कपाटात लपवतो, गुपचूप परत चढवतो आणि भोकासकट प्लेटही वाया घालवतो. त्यापेक्षा प्रत्येक रीमर पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात ठेवा, त्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि भोकांची संख्या लिहा. कोणता रीमर कुठे आणि का गेला ते आपोआप कळतं, कुणाच्या खिशात हात घालावा लागत नाही.

हे सगळं एचएसएसबद्दल. कार्बाइडचा रीमर घेतलात तर वेग बराच वाढवता येतो, पण 0.06 रनआउटवर तो झिजणार नाही, सरळ चिरेल. आणि एसएस 304 (स्टेनलेस स्टील) असेल तर घासण्याने माल स्वतःच कडक होतो, तिथे 0.07 उरवलेत तर पंधरा भोकंही निघणार नाहीत.