वाचकांचे प्रश्न : स्नोबोर्डवरची गिरकी नेमकी कुठे अडते?

हिवाळी खेळांविषयी आलेल्या पत्रांपैकी या वेळी फ्रीस्टाइल स्नोबोर्डिंगची पत्रे निवडली आहेत. पत्रलेखक सगळे हौशी आहेत आणि स्पर्धेत उतरण्याचा कोणाचाही विचार नाही. उतारावरून नुसते खाली येण्यापलीकडे काही जमावे, एवढीच त्यांची अपेक्षा आहे. पहिल्या पत्रातली अडचण बहुतेकांना भेडसावणारी असल्यामुळे तिचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : मी पस्तिशीत आहे आणि सनीव्हेलला राहतो. हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी लेक टाहोला जातो. अवघड उतारांवरूनही मी आता व्यवस्थित उतरतो आणि टेरेन पार्कमधल्या, म्हणजे कसरतींसाठी राखलेल्या भागातल्या, लहान जंपवरून (बर्फाच्या उंचवट्यावरून) सरळ उडी मारतो. मात्र १८० अंशांची गिरकी घेताना बोर्ड अर्ध्यावरच अडतो, आडवा टेकतो आणि मी पुढच्या बाजूला गुडघ्यांवर, हातांवर आपटतो. गेला संपूर्ण हंगाम सराव करूनही फरक पडलेला नाही. माझे काय चुकते?

उत्तर : तुम्ही कोणत्या बाजूला पडता हे आवर्जून लिहिलेत ते बरे झाले, कारण निदान त्यावरूनच होते. तुम्ही पुढे पडता, म्हणजे तुमची गिरकी फ्रंटसाइड आहे, ज्यात अर्ध्या वाटेवर छाती उताराच्या दिशेला येते. त्या क्षणी चवड्याकडची एज, म्हणजे बोर्डाची चवड्याखालची धातूची कड, उताराच्या खालच्या बाजूला असते. बोर्ड तिथेच टेकला की ती कड बर्फात रुतते आणि अंग पुढे फेकले जाते. बॅकसाइड गिरकीत पाठ उताराकडे असते, त्यामुळे तीच चूक माणसाला पाठीवर आणि डोक्यावर पाडते, जे कितीतरी अधिक धोक्याचे आहे.

आता बोर्ड अर्ध्यावर का अडतो ते पाहू. हवेत पुरेसा वेळ मिळत नाही, असे बहुतेकांना वाटते आणि ते अधिक वेगाने, अधिक मोठ्या जंपकडे वळतात. माझ्या मते हा रोगापेक्षा भयंकर उपाय आहे. १८० अंश फिरायला गुडघाभर उंचीची उडी पुरते. बोर्ड अडतो, कारण गिरकी पुरी झाल्यावर मागचा पाय पुढे येणार असतो आणि त्या पायावर तोल सांभाळण्याची शरीराला सवय नसते. उलट्या पायाने घसरण्याला या खेळात स्विच म्हणतात. ज्याला स्विच येत नाही, त्याचे शरीर उतरण्याच्या भीतीने गिरकी आपोआप थांबवते. तेव्हा उडीचा सराव काही काळ बाजूला ठेवा आणि सोप्या उतारावर पूर्णपणे स्विचमध्ये उतरा. पहिल्या दिवशी अगदी नवशिक्यासारखे वाटेल आणि चिडचिड होईल, पण दोन्ही एजवर वळणे घेत, न थबकता खाली येता येईपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतरचा सराव जंपवर करायचा नसून रुंद, मऊ उतारावर करायचा असतो. टाचेकडच्या एजवर उतार तिरपा कापत जा, गुडघे वाकवा, उडी मारा आणि फ्रंटसाइड फिरून चवड्याकडच्या एजवर उतरा. तिरपे जात असल्यामुळे उतरताना वरच्या बाजूची एज बर्फाला लागते आणि खालची एज रुतण्याचा प्रश्नच उरत नाही. हीच या सरावातली मेख आहे. बॅकसाइडसाठी क्रम उलटा, म्हणजे चवड्याकडच्या एजवरून उडी घेऊन टाचेकडच्या एजवर उतरणे. दोन्ही बाजू सहज जमू लागल्या की तिरपेपणा हळूहळू कमी करत सरळ उताराच्या रेषेत या आणि मगच पार्कमधली सर्वांत लहान जंप घ्या.

जंपवर आणखी दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे बोर्ड जंपच्या टोकावर, ज्याला लिप म्हणतात तिथे, असतानाच खांदे जोराने फिरवणे. अशा वेळी बोर्डाची एज घसरते, उडीचा जोर वाया जातो आणि वरचे अंग फिरून बोर्ड मागे राहतो. खांद्यांनी गिरकीची दिशा दाखवायची, पण बोर्ड लिप सोडेपर्यंत तो सरळच राहिला पाहिजे. दुसरी चूक नजरेची. पायांखालच्या बर्फाकडे पाहणाऱ्याचे डोके खाली जाते आणि त्यामागोमाग खांदेही. फ्रंटसाइडमध्ये उतरण्याची जागा शेवटपर्यंत दिसत असते, तेव्हा नजर तिथेच ठेवा. बॅकसाइडमध्ये मात्र आपण जिथून आलो त्या दिशेला पाहत उतरावे लागते. डोके आणखी फिरवले, तर १८० वर थांबायची गिरकी पुढे जाते आणि तोल जातो.

एक साधी गोष्ट टाहोविषयी. तिथे वसंतात रात्री गोठलेला बर्फ सकाळी काचेसारखा कडक असतो आणि दुपारपर्यंत मऊ होतो. नवीन काही शिकायचे ते मऊ बर्फात शिकावे. पण मऊ बर्फात बोर्डाचा वेगही कमी होतो, त्यामुळे सकाळी ज्या ठिकाणाहून सुटून जंप बरोबर पार झाली, तिथूनच दुपारी सुटल्यास उडी अपुरी पडू शकते. दर वेळी आधी जंपच्या बाजूने एकदा जाऊन वेग अजमावणे हा वेळेचा अपव्यय नाही.

१८० जमल्यावर तुम्ही ३६० कडे धावाल, असा मला दाट संशय आहे. त्याआधी सरळ उडीत बोर्ड हाताने पकडायला, म्हणजे ग्रॅब करायला शिका. मागच्या हाताने दोन्ही पायांच्या मधली चवड्याकडची एज पकडणे, ज्याला इंडी म्हणतात, तो सुरुवातीचा ग्रॅब. हात खाली नेण्यासाठी कमरेत वाकू नका. गुडघे छातीकडे ओढा, म्हणजे बोर्डच हाताकडे येतो. ग्रॅबमुळे शरीर हवेत एकवटलेले राहते आणि हातांची फडफड बंद होते. ग्रॅबला केवळ शोभेची गोष्ट समजणाऱ्यांना २०१४ च्या सोची ऑलिंपिकची आठवण करून द्यावीशी वाटते. स्लोपस्टाइल, म्हणजे एकाच उतारावर ओळीने बांधलेल्या रेल आणि जंपवर कसरती करण्याचा प्रकार, त्या वर्षी पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आला. इतर काही खेळाडू हवेत तीन वेळा उलटे होत असताना अमेरिकेच्या सेज कॉट्सेनबर्गने तसे न करता वेगळ्या धाटणीच्या ग्रॅबच्या आणि शैलीच्या बळावर सुवर्णपदक जिंकले.

प्रश्न : आम्ही दुबईत राहतो, त्यामुळे माझा सगळा सराव मॉल ऑफ द एमिरेट्समधल्या स्की दुबईत होतो. तिथल्या बॉक्सवर, म्हणजे घसरण्यासाठी बर्फात बसवलेल्या रुंद पेटीसारख्या पट्टीवर, सरळ जाता येते, पण बोर्ड आडवा करून घसरायचा प्रयत्न केला की पाय पुढे निसटतात आणि मी पाठीवर पडतो. बर्फावर तर मी आडवा घसरताना कधीच पडत नाही, मग इथे असे का व्हावे?

उत्तर : उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. बर्फावर आडवे घसरताना आपण नकळत वरच्या बाजूच्या एजवर भार देतो आणि ती एज बर्फ खरवडत आपल्याला सावरते. बॉक्सचा पृष्ठभाग प्लास्टिकचा असतो, त्यात एज रुतत नाही. ओल्या शहाबादी फरशीवर साबण ठेवावा तशी तिथे बोर्डाची अवस्था असते. तुम्ही घाबरून मागे रेलता, टाचेकडची एज टेकते, पकड काहीच मिळत नाही आणि बोर्ड अंगाखालून पुढे निघून जातो.

म्हणून बॉक्सवर बोर्डाचा तळ पूर्ण सपाट राहिला पाहिजे आणि भार दोन्ही पायांच्या मधोमध, किंचित पुढच्या पायाकडे झुकलेला असला पाहिजे. पुढे झुकण्याचे धाडस होत नाही, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय असा, की प्रथम सरळ जाताना बॉक्सच्या मध्यावर बोर्ड फक्त थोडासा तिरका करा, पुन्हा सरळ करा आणि उतरा. हा तिरकेपणा दर फेरीत वाढवत न्या. बोर्ड कमरेपासून खालच्या अंगाने फिरवा आणि खांदे शक्यतो प्रवासाच्या दिशेतच ठेवा, म्हणजे शेवटी बोर्ड परत सरळ करायला खांद्यांचा आधार मिळतो. नजर बॉक्सच्या शेवटच्या टोकावर असावी. बॉक्सवर चढण्यापूर्वी वळण घेत आलात, तर एज बॉक्सवरही तशीच राहते. त्यामुळे शेवटचे काही मीटर सपाट तळावर सरळ या. वेगही अगदी कमी नको, कारण रेंगाळणारा बोर्ड मध्येच थांबतो आणि पडणे अधिक वाईट होते. अरुंद लोखंडी दांड्याकडे, म्हणजे रेलकडे, मात्र रुंद बॉक्सवर पूर्ण खात्री आल्याशिवाय जाऊ नये.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते. दर फेब्रुवारीत सुटी काढून गुलमर्गला जाते आणि मागच्या वर्षी शिकलेले निम्मे विसरलेले असते. पुण्यात राहून काही तयारी करता येईल का? शिवाय गुलमर्गला आम्ही मित्रमैत्रिणींनी स्वतःच बर्फाची जंप तयार करावी का?

उत्तर : तयारी नक्कीच करता येते आणि तिला खर्चही फारसा नाही. निघण्याच्या दोन महिने आधीपासून सोसायटीच्या मोकळ्या जागेत खडूने एक रेघ ओढा. बोर्डावर उभे राहता तसे रेघेवर उभे राहा आणि जागच्या जागी १८० अंश फिरून पुन्हा त्याच रेघेवर उतरा, आधी एका बाजूने आणि मग दुसऱ्या. उतरताना पावलांचा आवाज येता कामा नये. आवाज आला, तर गुडघे आणि घोटे धक्का शोषत नाहीत असे समजावे. जोडीला एका पायावरच्या बैठका आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम असू द्या. स्केटबोर्ड मिळाला तर उत्तमच, पण त्यावर मुद्दाम उलटा पाय पुढे ठेवून चालवण्याचा सराव करा.

जंपबाबत मात्र मी सावध सल्ला देईन. गुलमर्गचे गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत नेते. तिथले बहुतेक उतार यंत्राने दाबून सपाट केलेले नसतात आणि हिमस्खलनाचा धोका खरा असतो. वर जाऊन आडबाजूला जंप बांधण्याचा विचारही करू नका. खालच्या सौम्य उतारावर, इतरांच्या वाटेत न येता आणि तिथल्या प्रशिक्षकाला विचारून, गुडघ्याएवढा उंचवटा केला तर हरकत नाही. पण तो सपाट जागेच्या तोंडाशी कधीही करू नये. दीड मीटर उंचीवरून सपाट बर्फावर आदळणारे शरीर ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने थेट खाली येते आणि तो सगळा धक्का घोटे, गुडघे व कंबर यांना बसतो. तेच शरीर उतारावर टेकले, तर वेगाचा मोठा भाग उताराच्या दिशेने पुढे निघून जातो. त्यामुळे उतरण्याची जागा आधी निवडावी आणि जंप तिच्या हिशोबाने बांधावी. पहिला दिवस केवळ उंचीची सवय होण्यासाठी आणि मागच्या वर्षीची वळणे आठवण्यासाठी राखून ठेवा.

प्रश्न : आमचा चौदा वर्षांचा मुलगा टोरंटोहून मित्रांबरोबर ब्लू माउंटनला जातो आणि दिवसभर पार्कमध्येच असतो. त्याला अडवायचे नाही, पण काळजी वाटते. आईवडिलांनी काय पाहावे?

उत्तर : हेल्मेट तो घालतच असेल, हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला की ते बदलावे, बाहेरून तडा दिसत नसला तरी. स्नोबोर्डवरून पडताना माणूस तळहात टेकतो आणि मनगट मोडते, म्हणून मनगटाचे संरक्षक घालायला लावा आणि मुठी मिटून कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांवर पडण्याची सवय करायला सांगा. या वयात मित्रांसमोर ते घालायला मुले लाजतात, तेव्हा हातमोज्याच्या आत बसणारे घ्यावेत.

पार्कमधल्या शिस्तीविषयी त्याला दोन प्रश्न विचारा. जंपवरून उडी मारण्याआधी पलीकडे कोणी पडलेले नाही हे तू कसे पाहतोस? आणि पडलास तर किती वेळात बाजूला होतोस? वरून उतरण्याची जागा दिसत नसते, त्यामुळे एका मित्राने खाली उभे राहून हात वर करून इशारा देणे आणि पडणाऱ्याने लगेच बाजूला होणे, एवढ्याने बरेच अपघात टळतात. त्याची उत्तरे चटकन आली, तर निम्मी काळजी सोडून द्या.

डोक्याला मार लागल्याची नुसती शंका आली, तरी त्या दिवशी खेळणे बंद, हा नियम घरात आधीच ठरवून ठेवा. ऑन्टारिओत २०१८ साली संमत झालेल्या रोवन्स लॉ या कायद्याचा रोखही हाच आहे: संशय आल्यास खेळाडूला खेळातून बाहेर काढायचे आणि वैद्यकीय तपासणीनंतर टप्प्याटप्प्याने परत आणायचे. मित्रांबरोबर खेळताना हा नियम पाळला जातो की नाही, हे पाहणारे कोणी नसते, म्हणून तो घरचाच असावा लागतो.

प्रश्न : मी म्युनिकला शिकतो. माझ्याकडे वेगासाठीचा ताठ बोर्ड आहे. पार्कसाठी वेगळा घ्यावा का?

उत्तर : लगेच नको. आधी बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डाला जखडणाऱ्या पट्ट्यांचे, कोन बदलून पाहा: दोन्ही पायांचे पंजे थोडे बाहेरच्या दिशेला, पुढचा अधिक १५ आणि मागचा उणे १५ किंवा त्याहून थोडा कमी कोनात लावा, म्हणजे स्विच सोपे होईल. बाइंडिंग मागे सरकवलेली असतील तर शक्य तितकी मध्यावर आणा. हंगामाच्या शेवटीही पार्कची गोडी टिकून असेल, तर दोन्ही टोके सारखी असलेला, मध्यम लवचिक आणि सध्याच्या बोर्डापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड असा बोर्ड घ्या. लांबी ठरवताना उंचीपेक्षा वजन पाहावे. बुटाचे टोक आणि टाच बोर्डाच्या फार बाहेर येत नाहीत ना, हे दुकानातच बाइंडिंग लावून तपासावे. जुना बोर्ड विकू नका. आल्प्समध्ये कडक बर्फाच्या दिवशी तोच उपयोगी पडेल.